किडनी बदलल्यानंतर संसर्गापासून कसं जपायचं: गोव्यातल्या घरासाठी

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि खाली एक ओळ असते: ‘इन्फेक्शनपासून काळजी घेणे.’ घरी पोहोचल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून साखळीहून, पेडण्याहून, फोंड्याहून माणसं फोन करतात ती हेच विचारायला. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मला किडनी माझ्या थोरल्या बहिणीनं दिली. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. घरात सासूबाई, नवरा, दिरांची लहान मुलं. परसात विहीर, मागे शेत, आणि जूनपासून भिंतींना ओल. म्हणजे ज्या ज्या गोष्टींपासून जपा असं सांगतात त्या सगळ्या माझ्या दारातच आहेत. मी डॉक्टर नाही. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिली खरेदी थर्मामीटरची

मास्क, सॅनिटायझर नंतर. आधी एक चांगला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचा एक जादा सेल.

बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन औषधं असतात. नव्या किडनीला परकी समजून शरीरानं तिच्यावर चाल करू नये म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. तिथं शरीराला किडनी परकी वाटलीच नाही, त्यामुळे अशी औषधं लागली नाहीत. आपल्याला सख्ख्या बहिणीची मिळाली तरी औषधं लागतातच, आणि किडनी चालते आहे तोवर लागतात.

या औषधांमुळे जंतूंना मोकळं रान मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती आणखी एक गोष्ट करतात, तिच्याकडे लक्ष जात नाही: आजाराची लक्षणंच पुसट करतात. ताप, सूज, ठणका हे सारं शरीर जंतूंशी झगडतं तेव्हा दिसतं. झगडाच दाबून टाकलेला असला तर दिसणार काय? ज्या आजारात शेजाऱ्याला १०३ ताप चढतो, त्यात आपल्याला ९९.६ आणि नुसती मरगळ एवढंच असू शकतं. घराच्या राखणदाराला आपणच गुंगी दिलेली आहे, त्याच्या हाकेची वाट बघत बसता येत नाही.

म्हणून रोज ठरल्या वेळी ताप बघायचा आणि लिहायचा. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते: ‘सकाळी ७. ताप ९८.२. वजन कालच्याइतकंच. बीपी १२६/८०. लघवी ठीक. औषधं ८ वाजता.’ ही वही कंटाळवाणी वाटते, पण नेहमीचा आकडा ठाऊक असला की ९९.४ हा आकडा लगेच डोळ्यांत भरतो.

ताप दिसला तर

१००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे लगेच फोन. रात्रीचे दोन वाजले असले तरी. काही डॉक्टर १०० लाच फोन करायला सांगतात. तुमचा आकडा विचारून घ्या आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा. ताप त्याहून कमी आहे, पण हुडहुडी भरते, धाप लागते, लघवी कमी झाली आहे किंवा नव्या किडनीच्या जागी, म्हणजे ओटीपोटाच्या त्या बाजूला, जड वाटतं आहे, तरीही त्याच दिवशी कळवा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

ताप मोजायच्या आधी पॅरासिटामोल घेऊ नका. आधी मोजा, आकडा लिहा, फोन करा, मग ते सांगतील तसं. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर घरातच नकोत, त्या किडनीलाच मारतात.

गावातल्या दवाखान्यात किंवा कॅज्युअल्टीत जावं लागलं तर पहिलं वाक्य हेच: ‘किडनी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, ताप इतका आहे.’ नाव, गाव, कधीपासून, हे सगळं मागाहून. दाराजवळ एक फाइल तयार ठेवा. तिच्यात औषधांची ताजी यादी, शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्ताचा आकडा), शेवटची टॅक्रोलिमसची पातळी आणि तुमच्या प्रत्यारोपण विभागाचा नंबर. मला एकदा एका ठिकाणी ‘व्हायरल आहे, तीन दिवस बघू’ म्हणून परत पाठवत होते. नवऱ्यानं फाइल उघडून समोर धरली आणि माझ्या डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते बघायची तपासणी, घेतलं गेलं. कल्चरचं रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी गेलेलं बरं. नाहीतर नक्की कुठला जंतू आहे ते शोधणं अवघड होऊन बसतं.

आणि दुसऱ्या डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं तरी पहिली गोळी गिळायच्या आधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीवरची औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढवतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन ती एकदम उतरवतं. जुलाबातसुद्धा ही पातळी वाढते. म्हणून दोन दिवस पोट बिघडलं तर ओआरएस घेऊन गप्प बसू नका, कळवा. डोस उलटून पडला तरी कळवा. पण आपल्या मनानं टॅक्रोलिमस किंवा प्रेडनिसोलोन बंद करणं, ‘औषधांमुळेच ताप येतो’ असं ठरवून, हे कधीही नाही. कमी करायचं असेल तर ते डॉक्टर करतील.

कुठल्या महिन्यात काय

पहिला महिना ऑपरेशनचा असतो. जखम, लघवीची नळी, मानेतल्या शिरेतली नळी, आणि मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी. हा स्टेंट काही आठवड्यांनी काढतात. ती तारीख विसरू नका, कारण तो आत राहिला की लघवीचा संसर्ग पाठ सोडत नाही.

दुसऱ्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यांत नाजूक. औषधांचा जोर शरीरावर पुरता बसलेला असतो आणि एरवी अंगात झोपून असलेले जंतू डोकं वर काढतात. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू त्यातला मोठा. आपल्याकडे मोठेपणी जवळपास सगळ्यांच्याच अंगात तो असतो. थकवा, बारीक ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी उतरणं, अशी त्याची चाल. त्यासाठी बऱ्याच जणांना तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध देतात. गोळी महाग आहे, म्हणून कुणी परस्पर सोडून देतात. तसं न करता पैशांची अडचण डॉक्टरांना उघड सांगा. कोट्रायमोक्साझोल, म्हणजे आपली सेप्ट्रान, न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियापासून राखते आणि लघवीचा संसर्गही कमी करते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. बीके व्हायरस हा किडनीत झोपून असलेला विषाणू मात्र काही बोलतच नाही. ताप नाही, दुखणं नाही, फक्त क्रिएटिनिन वर सरकतं. तो रक्ताच्या तपासणीतच सापडतो. त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ म्हणून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची फेरी चुकवू नये.

सहा महिन्यांनंतर औषधं कमी होतात आणि धोका बराचसा रोजच्या जगातला उरतो: फ्लू, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, पोट. क्षयाचं भय मात्र आपल्या देशात कधीच पुरतं जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्री घाम, वजन उतरणं, यांतलं काहीही असलं तर सांगा.

लघवीचा संसर्ग आपल्यात सगळ्यांत जास्त आढळतो, बायकांना अधिक. सांगितलेलं पाणी दिवसभरात वाटून प्या आणि लघवी तुंबवून ठेवू नका. शाळेत मी मधल्या सुट्टीत आधी बाथरूमला जाते, मग डबा. शारीरिक संबंधानंतर लघवीला जाऊन या. हे कुणी उघड बोलत नाही, पण त्याचा उपयोग होतो. नव्या किडनीच्या मज्जातंतू जोडलेल्या नसतात, त्यामुळे तिथं पूर्वीसारखं दुखेलच असं नाही. जळजळ, वास, गढूळपणा, रक्त, यांतलं काही दिसलं तर लघवीचं कल्चर करा.

पावसाळा

गोव्यात जपायचा खरा ऋतू हा. उंदरांच्या लघवीतला लेप्टोस्पायराचा जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या चिरेतूनही आत शिरतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मातीत आणि पाण्यात मेलिओइडोसिसचा जंतू असतो. तो फुफ्फुसात गळू करतो आणि पुष्कळदा क्षय समजून औषध चालू होतं. म्हणून लावणीच्या दिवसांत शेतात उतरायचं नाही. घरची शेती असेल तर बांधावरून, गमबूट घालून बघा. पायाला भेग असली तर तीही झाकून. माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, बघायला जरूर जा, पण देवळाच्या पायरीवरून. अंगाला चिखल लागला तर लगेच साबणानं धुवा. रस्त्यावर पाणी तुंबलेलं असेल त्या दिवशी मी शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून सांगते, आणि त्यात मला संकोच वाटत नाही.

झरीवरची आंघोळ, व्हाळात डुंबणं, विहिरीत उड्या, हे सगळं बंद. अंगावर जखम असताना समुद्रातही पाय नको. डेंग्यू आणि मलेरियासाठी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि दर रविवारी घराभोवतीच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, टायर पालथे करणं. हे काम घरच्या मुलांवर सोपवा, मुलं मन लावून करतात.

भिंतीवरची बुरशी पुसायचं काम आपलं नव्हे. बुरशीची धूळ श्वासातून गेली तर ॲस्परजिलस नावाची बुरशी फुफ्फुसात घर करू शकते. गादी काळी पडली तर ती बदला. पावसाआधी घराची कौलं काढून परत लावतात, तेव्हा वरून वर्षाची धूळ आणि पाकोळ्यांची घाण खाली येते. ते दोन-तीन दिवस मी माहेरी जाते. गवताच्या गंज्या, कंपोस्ट, कबुतरांची शिट, शेजारी पाडापाडी, इथून लांब राहा. अगदीच जाणं आलं तर एन९५ मास्क. बागेत काम करायचंच असेल तर हातमोजे आणि बूट.

पाऊस संपल्यावर सत्तरीतल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. २०१५ पासून तिथं माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि काजूच्या हंगामात, जानेवारीपासून पुढे, जास्त असतो. काजू गोळा करायला आपण जाऊ नये. घरचे बागायतीतून आले की त्यांनी कपडे बाहेरच काढून गरम पाण्यात टाकावेत, मग घरात यावं.

नुस्तं, तीर्थ आणि पाहुणे

मासे सोडा असं मला कुणी सांगितलं नाही आणि मी सोडलेले नाहीत. फक्त पुरते शिजलेले हवेत. बांगडा तव्यावर असताना काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटं झालं की झाला. तिथं गुलाबी दिसलं तर अजून नाही. खुबे, तिसऱ्या, शिनाणे यांच्या बाबतीत मी सासूबाईंच्या शेजारी उभी राहते. शिंपला उघडला की झालं असं आपण धरतो, पण उघडल्यावर आणखी पाच मिनिटं चांगली उकळी हवी, कारण शिंपल्यातले प्राणी पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यातले जंतू आपल्यात साठवतात. जो शिंपला उघडलाच नाही तो टाकून द्यायचा, हातानं उघडून बघायचा नाही. कच्ची कालवं कुठल्याही हॉटेलात, कितीही चांगल्या, खायची नाहीत. किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) करायचं तर सुंगटं चांगली खरपूस भाजून, ताजं खोबरं घालून, लगेच पानात. सोलकढी ताजी काढलेली, दुपारची रात्री नाही. चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, आतपर्यंत शिजलेलं. अंड्याचा बलक घट्ट. रसऑम्लेट आवडत असेल तर ऑम्लेट समोर पूर्ण भाजून घ्या आणि वरचा कच्चा कांदा नको म्हणा.

विहिरीचं पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवलेलं. बाहेरचा बर्फ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, चटणीचं पाणी, हे नाही. पायांनी तुडवून काढलेला काजूचा निरो तर नाहीच. दूध पिशवीतलं असलं तरी उकळून. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर आपल्या ताटात नको. ग्रेपफ्रूट आणि पपनस औषधाची पातळी चढवतात, म्हणून चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला, बांधलेला पपनस उतरवल्यावर घरच्यांनीच खावा.

देवळात काय करायचं, हा प्रश्न बायका हळूच विचारतात. पंचामृतात कच्चं दूध, दही, मध आणि अनेकांचे हात असतात. मी तीर्थ हातावर घेते, कपाळाला लावते आणि पुढे होते. पुरोहितांना एकदा नीट सांगितलं की ते आपणहून केळं हातात देतात. चवथीला पातोळ्या वाफवलेल्या, नेवऱ्या तळलेल्या, दोन्ही गरम असताना खा. जत्रेला जायचं तर पहाटे किंवा भर दुपारी, गर्दी नसताना, आणि पहिल्या सहा महिन्यांत नकोच.

प्रत्यारोपणानंतर बघायला येणाऱ्यांचं काय? आपल्याकडे माणूस भेटायला आला नाही तर राग, आणि दारातून परत पाठवला तर त्याहून मोठा राग. माझ्या सासूबाईंनी पहिले तीन महिने बल्कावातच, म्हणजे दारापुढच्या ओसरीतच, खुर्च्या मांडल्या. पाहुणे तिथं बसायचे, चहा तिथंच, मी आतून खिडकीशी बसून बोलायची. सर्दी-खोकला असलेल्याला सासूबाई स्वतःच सांगायच्या, बरा हो आणि मग ये. हे काम रुग्णानं करायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं करायचं. त्यांचं कुणी मनाला लावून घेत नाही.

लहान मुलं आणि लसी

शाळेत कांजिण्या आल्या की मला मुख्याध्यापिका त्याच दिवशी कळवतात, तसं आमचं ठरलेलं आहे. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग देत असतं, म्हणून पुरळ आलेल्या मुलाला घरी पाठवलं की संपलं असं नसतं. तुम्हाला पूर्वी कांजिण्या आलेल्या नसतील आणि तुम्ही अशा मुलाच्या जवळ आला असाल, तर अंगावर काही दिसायची वाट न बघता कळवा. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत देता येणारं इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन असतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यात आग होऊन फोड आले तर ती नागीण. उतारे, लेप यांत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टर.

जिवंत जंतूंच्या लसी आपल्याला चालत नाहीत: कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, तोंडातून पोलिओ, पिवळा ताप, नाकातला फ्लूचा फवारा. म्हणून प्रत्यारोपणाची तयारी चालू असतानाच, ऑपरेशनच्या बऱ्याच आधी, कुठल्या लसी राहिल्या आहेत ते विचारून घ्या. निर्जीव लसी नंतरही चालतात आणि घ्याव्यात: दर वर्षी फ्लूची, न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूची, हिपॅटायटिस बी. नागिणीची निर्जीव लस २०२३ पासून भारतात मिळते. कुठली कधी, ते डॉक्टर ठरवतील.

घरातल्यांनी आपापल्या लसी वेळेवर घेतल्या तर आपल्याभोवती एक फळी उभी राहते. घरातल्या मुलांना गोवराची लस जरूर द्या, तिचा आपल्याला त्रास नाही. तोंडातून पोलिओच्या थेंबांबद्दल मात्र बालरोगतज्ज्ञ आणि नेफ्रॉलॉजिस्ट दोघांना आधी विचारा, कारण थेंब घेतलेल्या बाळाच्या शीतून लसीचा विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. त्या काळात बाळाचे लंगोट दुसऱ्यानं बदलावेत.

काढे

प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुळवेलीचा काढा, अश्वगंधाचं चूर्ण, कुठली तरी पावडर घेऊन माणसं प्रेमानं येतात. आपल्याला प्रतिकारशक्ती वाढवायची नाही. ती वाढली तर पहिला घाव नव्या किडनीवर बसेल. आणलेलं परत करणं जड जातं, म्हणून घ्या, आभार माना आणि पिऊ नका. माझी आत्या पेडण्याहून गुळवेलीच्या कांड्या घेऊन यायची. तिला हे समजावून सांगितल्यापासून ती शहाळी आणते. तीही मी पोटॅशियमचा रिपोर्ट बघून, डॉक्टरांना विचारूनच पिते.

शेवटी एक गोष्ट, जी वर्षं उलटल्यावर हमखास विसरली जाते. कधी रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय अशी, शंका येऊन स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं किंवा एटीजी हे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं औषध द्यावं लागलं, तर घरी परतताना पहिले सहा महिने नव्यानं सुरू झाले असं धरा. सेप्ट्रान आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर पुन्हा चालू करायचं का, ते डिस्चार्जच्या आधी विचारा, बल्कावातल्या खुर्च्या परत मांडा आणि ताप सकाळ-संध्याकाळ दोन वेळा बघा.